ध्यानाला बसताना नडतं कुठे?

जुळे सोलापुरात ध्यानाला बसायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती घड्याळाची. विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मधल्या या वसाहतीत पहाट तशी शांत असते. पण नळाला पाणी यायचा दिवस असला की घरोघरी मोटारी घुमायला लागतात. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून डोळे मिटून बसणार कोण? तेवढ्यात घंटागाडी गाणं वाजवत येते, कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, शाळेची रिक्षा खाली हॉर्न देते. अशा घरात डॉक्टरांनी ‘ताण जरा कमी करा’ म्हटलं म्हणून कुणी सतरंजी टाकतो आणि बसतो. नव्याचे नऊ दिवस उत्साह टिकतो. मग एकेक तक्रार सुरू होते: मन लागत नाही, पाय दुखतात, झोप येते. आणि शेवटी, ‘हे आपल्याला जमणारं नाही.’

यातल्या पहिल्या तीन तक्रारी अगदी खऱ्या आहेत. त्या प्रत्येकाला येतात, आणि त्यांच्यावर साधे, हाताशी असलेले उपाय आहेत. चौथी गोष्ट मात्र तक्रार नाही, तो निकाल आहे, आणि तो फार घाईने दिलेला असतो. बहुतेकांचं ध्यान सुटतं ते मन भटकल्यामुळे सुटत नाही. भटकणं म्हणजे नापास होणं, अशी समजूत करून घेतल्यामुळे सुटतं.

तीन वाटा

सोलापूरचं ग्रामदैवत मुळात योगी आहे. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव बांधला, ६८ लिंगांची स्थापना केली; त्यांची योगसमाधी तलावातल्या मंदिराच्या आवारातच आहे. परंपरा सांगते की शरण संत अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला आले, तेव्हा तलाव-देवळांच्या कामात गढून गेलेल्या या कर्त्या पुरुषाला त्यांनी आत वळायला सांगितलं आणि कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला नेलं. तिथे चन्नबसवण्णांकडून सिद्धरामेश्वरांना इष्टलिंगाची दीक्षा मिळाली. कामाच्या धबडग्यातून बाजूला होऊन बसणं किती जड जातं, ही गोष्ट या गावाच्या आठवणीत अशी जुनी आहे. लिंगायत घरांमध्ये आजही डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, डोळे अर्धे उघडे ठेवून, त्याच्या काळ्या तुळतुळीत पृष्ठभागावर नजर स्थिर करतात. नजरेची ही पहिली वाट.

दुसरी वाट नामाची. सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर निंबाळ नावाचं छोटं स्टेशन लागतं. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांचा आश्रम तिथे आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारा हा माणूस. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा गाढा अभ्यासक, आणि तरी रोजचं नामध्यान त्यांनी सोडलं नाही. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीकर यांच्या इंचगेरी परंपरेत रोज ठरल्या वेळी ध्यानाला बसण्याला ‘नेम’ म्हणतात.

तिसरी वाट श्वासाची. म्यानमारमध्ये वाढलेले सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे व्यापारी अर्धशिशीने बेजार होऊन १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. १९६९ मध्ये ते भारतात येऊन शिबिरं घ्यायला लागले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघण्यात जातात. याला आनापान म्हणतात.

आपल्याला कोणती वाट मानवेल हे घराण्यावर, श्रद्धेवर अवलंबून असतंच. पण अडचण कोणती आहे, त्यावरही ते ठरवता येतं. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी नजर, शब्द आणि श्वास ही मनाला टेकायला दिलेली तीन ठिकाणं आहेत. डोळे मिटले की पेंगणाऱ्याने नजरेचा आधार घ्यावा. ज्याच्या डोक्यात सतत बोलणं चालू असतं, त्याला शब्दाच्या जागी शब्द देणारं नाम बरं. ज्याला कोणताही धार्मिक संदर्भ नको, त्याला श्वास आहेच.

मन भटकतं तेव्हा

डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या आत काय चालतं ते जवळून बघू. श्वास आत आला, गारवा जाणवला. बाहेर गेला, किंचित ऊब जाणवली. तिसऱ्या श्वासाला आठवलं, मोटार बंद केली होती ना? टाकी वाहिली तर खालचे काका बोलतील. मागच्या वेळीही बोलले होते. तेव्हा आपण गप्प बसलो, खरं म्हणजे ऐकवायला हवं होतं. मग काय ऐकवायचं त्याची जुळवाजुळव. दोन मिनिटांनी एकदम लक्षात येतं, अरे, आपण श्वास बघत होतो!

हे लक्षात येताच नवा साधक स्वतःवर चिडतो. ध्यानाच्या दृष्टीने मात्र तो क्षण सगळ्यात कामाचा असतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात वेंडी हासेनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुभवी साधकांना मेंदूच्या स्कॅनमध्ये श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मन भटकल्याचं ध्यानात आलं की त्यांनी बटण दाबायचं. अनुभवी असूनही सगळ्यांनी बटणं दाबली. लक्ष टिकणं, भटकणं, भटकल्याचं कळणं, परत येणं असं चक्रच त्यातून दिसलं, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर मेंदूतले वेगवेगळे भाग पुढे येत होते. वर्षानुवर्षं बसणाऱ्यांचं मनही भटकतं. ते कळून शांतपणे परत येणं, हाच सराव.

सोलापुरात हे समजावून सांगायला मागापेक्षा चांगला दाखला नाही. विणताना धागा तुटतो. विणकर माग थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा चालू करतो. धागा तुटला म्हणून चादर टाकून कुणी उठत नाही.

‘विचार येऊच द्यायचे नाहीत’ असा हट्ट धरला तर उलटंच होतं. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल पुन्हा पुन्हा डोक्यात आलंच, आणि नंतर विचाराला मोकळीक दिल्यावर तर जास्तच आलं. म्हणून विचाराला ढकलायचं नाही, त्याच्या मागेही जायचं नाही. ‘हिशेब’, ‘भांडण’, ‘काळजी’ असं मनातल्या मनात एका शब्दात त्याला नाव द्यावं आणि श्वासाकडे यावं. फारच गोंधळ असेल तर श्वास सोडताना एक ते दहा मोजावेत. आकडा चुकला तर पुन्हा एकपासून. मोजणं चुकलं हे कळलं, म्हणजे आपण जागेवर आहोत.

स्वस्थ बसणं मुळातच अवघड आहे, हेही ध्यानात घ्यावं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांच्या गटाने २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना पंधरा मिनिटं खोलीत एकटं बसवलं. सोबत काही नाही. फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी नुसतं बसण्यापेक्षा स्वतःला झटका देणं पत्करलं. तेव्हा तिसऱ्या मिनिटाला मोबाईलकडे हात जात असेल तर त्यात नवल नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, एवढंच.

पाय आणि कंबर

सतरंजीवर सपाट मांडी घातली की थोड्याच वेळात कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि गुडघे बोलायला लागतात. पद्मासन जमायलाच हवं असा समज यामागे असतो. योगसूत्रांत पतंजलींनी आसनाकडून स्थिरपणा आणि सुख एवढ्या दोनच अपेक्षा केल्या आहेत.

इथे घरची सोलापुरी चादर उपयोगी पडते. जाड सुताची एक चादर लांबीत दुमडा, मग पुन्हा पुन्हा आडवी दुमडत जा. चार बोटं ते अर्धी वीत उंचीची घट्ट घडी झाली पाहिजे. या घडीच्या पूर्ण मध्यावर बसायचं नाही. पुढच्या काठाला टेकून बसायचं, म्हणजे बैठक वर राहते आणि गुडघे खाली जमिनीकडे उतरतात. बैठक गुडघ्यांपेक्षा उंच झाली की कंबर आपोआप सरळ होते, पाठ ताणून धरावी लागत नाही. गुडघे तरीही अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखाली टॉवेलच्या गुंडाळ्या द्याव्यात. हात मांडीवर सैल, हनुवटी किंचित आत, जीभ आणि जबडा मोकळा.

गुडघेदुखी असलेल्यांनी खुर्चीवर बसावं. त्यात कमीपणा काही नाही. खुर्ची हाताची नसली तरी चालेल, तळवे मात्र जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट घ्यावा.

पायाला मुंग्या येतात तेव्हा ‘रक्त बंद झालं’ म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा मांडी घातल्यामुळे पायाकडे जाणारी नस दबलेली असते. स्थिती बदलली की मुंग्या जातात. उठताना मात्र घाई नको. बधिर पायावर एकदम उभं राहिलं तर पाय मुरडतो. आधी पाय लांब करावेत, बोटं हलवावीत, मग उठावं. आणि उठल्यानंतर बराच वेळ बधिरपणा जात नसेल, तर तो ध्यानाचा विषय राहत नाही, डॉक्टरांना दाखवावं.

खाज, कळ, अवघडलेपण यांना लगेच हात लावायचा की नाही? सुरुवातीला मधला मार्ग बरा. दोन-तीन श्वास त्या जागेकडे नुसतं बघावं. कळ वाढतेय की ओसरतेय हे कळतं. तरी राहवेना, तर सावकाश हलावं आणि परत बसावं. विपश्यनेच्या शिबिरात तासभर न हलण्याचं अधिष्ठान असतं, तेसुद्धा पहिल्या दिवशी देत नाहीत.

डोळा लागतो

बसल्या बसल्या डुलकी येण्याची कारणं बहुधा साधीच असतात. पहिलं, झोपच अपुरी असणं. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचचा गजर, असं असेल तर शरीर मिळेल तिथे झोप वसूल करणार. आधी झोप पुरी करावी. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग्याला आहार आणि झोप या दोन्हींचा अतिरेक आणि अभाव टाळायला सांगितलं आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर मराठीत विस्ताराने लिहिलं आहे.

दुसरं कारण जेवण. भाकरी, डाळ, वर शेंगाचटणी असं भरपेट जेवून दुपारी बसलं तर ध्यान लागायच्या आधी डोळा लागतो. तिसरं कारण आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. उन्हाळ्यात पहाटे गच्चीवर बसावं, नाहीतर अंघोळीनंतर लगेच.

यानंतरही पेंग येत असेल तर डोळे अर्धे उघडावेत आणि दीड-दोन हातांवर नजर टेकवावी. दिव्याची ज्योत, देव्हाऱ्यातली मूर्ती, जमिनीवरचा एखादा ठिपका, काहीही चालेल. इष्टलिंगाच्या उपासनेत डोळे उघडे ठेवण्याचा एक फायदा हाही आहे. तरीही जमत नसेल तर उठून चालावं. बौद्ध परंपरेत चंक्रमण म्हणजे सावकाश, पावलागणिक लक्ष ठेवून चालणं हीसुद्धा ध्यानाचीच रीत आहे. संभाजी तलावाच्या बाजूला रोज फिरायला जाणाऱ्यांनी कानातले इअरफोन काढून शेवटची दहा मिनिटं अशी चालून बघावीत.

आवाज, घर आणि लोक

संपूर्ण शांतता मिळाल्यावर बसू, असं म्हणणारा कधीच बसत नाही. त्यापेक्षा घरचं वेळापत्रक बघून जागा शोधावी. पाण्याच्या दिवशी मोटार बंद करून, टाकीचं झाकण लावून मग बसावं. मनात टाकी वाहत ठेवून बसण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर पाण्याच्या दिवसाची वेळ वेगळीच ठरवावी. उरलेल्या आवाजांशी भांडू नये. घंटागाडीचं गाणं कानावर येतं, चढतं, पुढच्या गल्लीत जातं. ते तसं ऐकलं तर अडथळा राहत नाही. आवाज त्रास देतो तो त्याच्यावर आपण करत असलेल्या शेऱ्यांमुळे: ‘आत्ताच यायचं होतं का?’

घरातल्या बायकांची अडचण निराळी असते. सकाळ डब्यांत आणि दुपार उरकण्यात जाते. ती बसली की कुणालातरी तिच्याकडेच काम निघतं. तिने सकाळी सहाचाच मुहूर्त धरायचं कारण नाही. मुलं शाळेत आणि माणसं कामावर गेल्यावर, पुढची भांडी घासायला घेण्याआधीची दहा मिनिटं चालतील. घरच्यांनीही तेवढा वेळ हाक न मारण्याची शिस्त पाळावी. ‘आजी, आईला आत्ता बोलवू नको’ असं नातू सांगायला लागला की निम्मं काम होतं.

नेम मोडतो तेव्हा

आपण आरंभशूर. पहिल्या दिवशी पाऊण तास बसतो, चौथ्या दिवशी लग्नाला जावं लागतं, पाचव्या दिवशी कंटाळा येतो आणि पहिले पाढे पंचावन्न. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात हे पाहिलं. २०१० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. महत्त्वाचं म्हणजे मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणजे एक दिवस चुकला तर चुकू द्यावा. दुसऱ्या दिवशी बसावं.

सवय लागते ती जुन्या सवयीच्या शेजारी. दात घासल्यावर, देवपूजा झाल्यावर, संध्याकाळी दिवा लावल्यावर, अशी एखादी रोज होणारी गोष्ट धरावी आणि तिच्या लगेच पाठोपाठ बसावं. सुरुवात दहा मिनिटांची पुरे. दहा मिनिटं बिनतक्रार होऊ लागली की पाच वाढवावीत.

रोज नवा व्हिडिओ बघून पद्धत बदलणं हाही मोठा अडथळा. सोमवारी श्वास, मंगळवारी चक्रं, बुधवारी मंत्र असं केलं तर मन काहीच ओळखीचं करून घेत नाही. पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांत आजार आणि आळस यांच्याबरोबर संशयही आहे. शिवाय एखादी पायरी गाठूनही तिच्यावर न टिकणं हाही वेगळा अंतराय त्यांनी मोजला आहे. दोन महिने एकच पद्धत धरावी आणि मग ठरवावं.

झटपट वाटेचा मोह जुना आहे. भाऊसाहेब महाराजांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) हे सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. दीर्घ ध्यानाच्या पिपीलिका (मुंगीच्या) मार्गापेक्षा विचाराचा विहंगम (पक्ष्याचा) मार्ग जवळचा, असं ते पुढे सांगू लागले. तो हवाला देऊन ‘बसायची गरजच नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ते हे बोलले गुरूंच्या सांगण्याप्रमाणे ध्यान केल्यानंतर.

किती अपेक्षा धरावी, कधी थांबावं

ध्यानाने सगळे आजार जातात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांची माहिती एकत्र तपासली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा पण खरा फरक पडल्याचा मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरतं, असा पुरावा मिळाला नाही. रक्तदाबाची, साखरेची, मनाच्या आजाराची गोळी ध्यान सुरू केलं म्हणून परस्पर बंद करू नये.

बसल्यावर प्रकाश दिसला, अंग हलकं झालं, किंवा काहीच झालं नाही, तिन्ही सारखंच समजावं. फरक बघायचा असेल तर तो बैठकीबाहेर बघावा: आसरा चौकात मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा आपण किती वेळ धुमसलो?

कधीकधी स्वस्थ बसल्यावर दाबून ठेवलेलं दुःख वर येतं. डोळ्यांत पाणी येणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण धडधड वाढत जाते, जुना आघात डोळ्यांपुढे येतो, आवाज ऐकू येतात, झोप उडते, असं होत असेल तर तिथेच थांबावं. डोळे उघडावेत, पाय जमिनीवर दाबावेत, कुणाशी तरी बोलावं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, ती माहिती लपवू नये; ती आपल्याच सुरक्षिततेसाठी असते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून जाहीर केला. सुरुवात करायला त्या तारखेची वाट बघण्याचं काहीच कारण नाही. आज रात्री चादरीची घडी करून ठेवा, उद्याची वेळ घरात सांगून टाका आणि दहा मिनिटं बसा. मन भटकेल, परत आणा. दोन महिने होईपर्यंत ‘जमतंय की नाही’ याचा निकाल लावू नका.